मिठाचा डबा तराजूवर : इंदूरच्या एका घरातल्या रक्तदाबाचा प्रकरण अभ्यास

काका पहिल्यांदा आले ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. काकूंनी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं होतं. वय 63, कापड बाजारात एका घाऊक पेढीवर हिशेब बघतात, राहायला राजेंद्र नगर. फाइल उघडायच्या आधीच त्यांचं वाक्य तयार होतं : "मिठाचं मला काही सांगू नकोस हं. आमच्याकडे दोन वर्षांपासून फक्त सैंधव आहे."

फाइलमधली हकिकत थोडक्यात अशी. नऊ वर्षांपासून उच्च रक्तदाब. टेल्मिसार्टन 80 मिलिग्रॅम आणि अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, दोन्ही गोळ्या न चुकता. मधुमेह नाही, वजन 74 किलो. डॉक्टरांकडच्या शेवटच्या तीन भेटींतला रक्तदाब 166/96, 162/94 आणि 168/96. डॉक्टर आता तिसरी, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी सुरू करायच्या विचारात होते. त्याआधी दोन-तीन महिने खाण्यापिण्याकडे नीट बघून घ्या, असं सांगून त्यांनी काकांना माझ्याकडे पाठवलं होतं.

मी इंदूरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण काका-काकूंच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायचं मुख्य कारण असं की, यात माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सैंधव आणि सैल हात

सैंधवाचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकाली काढावा लागला, कारण तो सुटल्याशिवाय काका पुढचं ऐकायला तयार नव्हते. सैंधव खाणीतून येतं, साधं मीठ बहुतेक समुद्रातून. रंग वेगळा, चव थोडी वेगळी. पण सैंधवातही 95 टक्क्यांहून जास्त भाग सोडियम क्लोराइडचाच असतो. काळ्या मिठाचंही तेच, गंधकाच्या वासाने ते औषधी वाटतं एवढंच. मीठ कुठलंही घ्या, त्यातला सुमारे 40 टक्के भाग सोडियम, आणि रक्तदाबाचा संबंध त्या सोडियमशी.

या घरात सैंधवाने आणखी एक गोष्ट केली होती. "हे काही त्रासाचं मीठ नाही" अशी खात्री झाल्यामुळे हात सैल सुटला होता. शिवाय घरात चार वर्षांचा नातू आणि दिवस गेलेली सून. सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागतंच. म्हणजे ज्यांच्यासाठी मीठ बदललं त्यांना फायदा नव्हता, आणि ज्यांना आयोडीनची गरज होती त्यांचं ते तुटलं होतं. काकूंना हे ऐकून फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी आयोडीनयुक्त मीठ परत आलं.

घरी रक्तदाब मोजायची पद्धतही त्याच दिवशी बदलली. काका जिना चढून आले की सदरा न काढता, बोलता बोलता मोजायचे. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंडाचा पट्टा काळजाच्या उंचीला, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाआधी दोन-दोन वेळा. अशा सात दिवसांची सरासरी निघाली 154/91. घरच्या मोजणीत 135/85 च्या वर गेलं की ते जास्तच धरतात. म्हणजे दवाखान्यातला आकडा थोडा फुगलेला असला तरी रोग खरा होता.

तराजूवरचा आठवडा

काय खाता असं विचारलं की माणसं खोटं बोलत नाहीत, पण मीठ कुणालाच आठवत नाही. म्हणून मी मिठाचा डबाच तोलायला सांगितला. सुनेकडे केक करायचा छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू होता. शनिवारी सकाळी डबा तोलला, पुढच्या शनिवारी परत तोलला. सात दिवसांत 300 ग्रॅम मीठ कमी झालं होतं.

हिशेब काकांनीच मांडला, ते त्यांचं कामच. चार मोठी माणसं आणि नातवाचा अर्धा वाटा, असे साडेचार वाटे. रोजचे सुमारे 43 ग्रॅम, म्हणजे वाट्याला साडेनऊ. हे फक्त डब्यातलं. लोणच्यातलं, पापडातलं, बाजारातलं यात नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते आणि आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही 5 ग्रॅमचीच मर्यादा आहे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात दिवसभराचं सगळं आलं. काका कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे आम्ही सगळेच दुप्पट खातोय."

मला या घरात खरा गुन्हेगार शेव असणार असं वाटलं होतं. इंदूरमध्ये तसं वाटणं साहजिक आहे. इथे पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, मुलं तर नुसत्या दुधात शेव टाकून खातात. त्यांच्या घरच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे 820 मिलिग्रॅम सोडियम लिहिलेलं होतं. काका दिवसाला जेमतेम 25 ग्रॅम खायचे. म्हणजे साधारण 200 मिलिग्रॅम सोडियम, अर्धा ग्रॅम मीठ. तेवढाच एक उडदाचा पापड, कारण त्यात मिठाबरोबर पापडखार असतो आणि खारातही सोडियमच. शेवेला मी मनात जो दोष दिला होता तो मागे घ्यावा लागला.

खरा आकडा स्वयंपाकघरात होता. ब्रिटन-अमेरिकेत पोटात जाणाऱ्या मिठापैकी सुमारे 70 ते 75 टक्के मीठ तयार पदार्थांतून आणि हॉटेलातून येतं, त्यामुळे तिकडचे सल्ले पाकिटं वाचायला सांगतात. आपल्याकडे बहुतेक मीठ घरातल्या हातानेच पडतं. इंटरनेटवरचे परदेशी सल्ले आपल्या घरात लागू पडत नाहीत ते इथे.

त्यामुळे मी काकूंच्या स्वयंपाकघरात एक सकाळ काढली. तराजूवर ताटली ठेवली आणि म्हटलं, रोज टाकता तसंच मीठ आधी यात टाका, मग भांड्यात. काकू मीठ चमच्याने घेत नाहीत, पाच बोटांच्या चिमटीने घेतात. ती चिमूट दोन ग्रॅमची निघाली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही तेवढीच. चाळीस वर्षांचा हात आहे तो, एक कणही इकडे-तिकडे नाही. कणकेत दोन चिमटी. भाताच्या कुकरला एक. वरणाला दोन, भाजीला दोन, रश्श्याची असेल तर तीन. कोशिंबिरीत एक. ताकात एक. सकाळच्या उपम्यात, नातवाच्या थालीपीठात, संध्याकाळच्या भाजीत पुन्हा तेच. आणि ताट वाढताना सगळ्यांत आधी, लिंबाच्या फोडीशेजारी, मिठाची चिमूट. मीठ वाढल्याशिवाय ताट मांडलं असं आपण म्हणतच नाही.

यातल्या कुठल्याही एका पदार्थाची चव घेतली तर खारट म्हणता आली नसती. मीठ जास्त पडत नव्हतं, ते जास्त ठिकाणी पडत होतं. या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

चोवीस तासांचा कॅन

डब्याचा हिशेब घराचा होता, काकांचा एकट्याचा नव्हता. खाल्लेल्या सोडियमपैकी 90 टक्क्यांच्या आसपास सोडियम लघवीतून बाहेर पडतं, म्हणून एका माणसाचं मीठ मोजायचा भरवशाचा मार्ग म्हणजे चोवीस तासांची लघवी साठवून तपासणं. 1988 साली प्रसिद्ध झालेला इंटरसॉल्ट अभ्यास याच पद्धतीवर उभा आहे. 32 देशांतल्या 52 ठिकाणच्या दहा हजारांहून जास्त लोकांची चोवीस तासांची लघवी त्यात तपासली होती. ब्राझीलमधले यानोमामी आदिवासी त्यात होते. त्यांच्या खाण्यात वरून घातलेलं मीठ जवळजवळ नसतंच, आणि वयाबरोबर रक्तदाब वाढत जाणं, जे आपण निसर्गनियमच समजतो, ते त्यांच्यात दिसलं नाही.

प्रयोगशाळेने पाच लिटरचा पांढरा कॅन दिला. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी त्यात. रविवारी दुकान बंद, म्हणून रविवार ठरला. त्याच रविवारी रामबागेत भाचीचा साखरपुडा. काका कॅन घरी विसरून दुपारभर तिकडे. संध्याकाळी कॅनमध्ये जेमतेम 600 मिलिलिटर. तो नमुना फेकून द्यावा लागला. अर्धवट नमुन्यातला आकडा कमी दिसतो आणि सगळे उगाच खूश होतात. पुढच्या रविवारी नीट झालं.

सोडियम 196 मिलिमोल. मिठात मोजलं तर दिवसाला साडेअकरा ग्रॅम. घरचे साडेनऊ आणि बाहेरचे दोन, डब्याच्या हिशेबाशी जुळणारंच. बाहेरचे दोन म्हणजे अकरा वाजताचे उसळ-पोहे, त्यावर भुरभुरायचा जिरावण मसाला, आणि चारच्या चहाबरोबरची कचोरी.

त्याच अहवालात दुसरा आकडा होता, ज्याकडे कुणी बघत नाही. पोटॅशियम 38 मिलिमोल. पोटॅशियमचा थोडा भाग लघवीव्यतिरिक्त बाहेर जातो, तो धरला तर काकांच्या पोटात दिवसाला दोन ग्रॅमसुद्धा पोटॅशियम जात नव्हतं. हवं असतं साडेतीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं मीठ आणि पोटॅशियम दोन्ही पाळलं तर लघवीत सोडियम आणि पोटॅशियम साधारण सारखंच यायला हवं. काकांचं प्रमाण पाचास एक होतं.

सोडियम आणि पोटॅशियम यांचं नातं काकांना मी असं सांगितलं. रक्तात सोडियम साठलं की शरीर त्याच्याबरोबर पाणी धरून ठेवतं. त्याच नळ्यांतून जास्त द्रव वाहू लागतो. मूत्रपिंड हे जादा सोडियम बाहेर टाकू शकतं, पण वय वाढलं, मूत्रपिंड थकलं की त्याला ते काम करायला जास्त दाब लागतो; शरीर तो दाब वाढवून देतं आणि तोच कायमचा होऊन बसतो. पोटॅशियम भरपूर असलं की मूत्रपिंडाच्या नलिका सोडियम परत शोषून घ्यायचं कमी करतात आणि ते लघवीत सोडून देतात. पोटॅशियम कमी पडलं की उलट, शरीर सोडियमला घट्ट धरून बसतं. काका म्हणाले, "म्हणजे नुसती उधारी वाढली नाही, वसुलीही बंद आहे." मला यापेक्षा बरं सांगता आलं नसतं.

पोटॅशियम कमी का, याचं उत्तर ताटात होतं. भाजी म्हणजे बटाटा किंवा वांगं, तेही चमचाभर. पालेभाजी काकांना "गवत" वाटते. फळं नाहीत, केळ्याने कफ होतो म्हणून केळं तर घरातच येत नाही. दूध फक्त चहातलं.

1997 साली अमेरिकेत डॅश नावाची चाचणी झाली होती. 459 लोकांचे तीन गट केले आणि त्यातल्या एका गटाला भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध-दही, डाळी-दाणे यांचं जेवण दिलं. मीठ मुद्दाम सगळ्यांना सारखंच ठेवलं. तरीही त्या गटातल्या रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा 11 पेक्षा जास्त अंकांनी खाली आला. 2001 साली त्याच आहाराबरोबर मीठही कमी करून पाहिलं आणि दोन्ही मिळून उतार आणखी वाढला. त्या ताटात पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, तंतू सगळंच जास्त होतं. ज्यांना एकेका घटकाच्या गोळ्यांत सारांश काढायचा असतो त्यांना मी नेहमी सांगते, मॅग्नेशियमच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीने मिळणारा उतार फारच थोडा आहे. ताटाचं काम डबीतून होत नाही.

वाटी

मीठ कमी करायचं म्हटल्यावर काकूंनी पहिल्यांदा मनातलं बोलून दाखवलं. "अगं, नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. चाळीस वर्षं यांनी माझ्या हातचं नावं न ठेवता खाल्लं. आता उतारवयात मी अळणी वाढू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीठ कमी कर असं आपण बाईला सांगतो तेव्हा तिच्या हाताच्या चवीवर बोट ठेवत असतो, हे मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं आधी कळलं नव्हतं. त्यामुळे मी त्यांना चव कमी करा असं सांगितलंच नाही. ज्या ठिकाणी मीठ गेलेलं कुणालाच कळणार नाही, त्या जागा आधी शोधू म्हटलं.

कणीक आणि भात. पोळी भाजीत बुडवून खायची, भात वरणात कालवायचा, त्यांचं वेगळं मीठ जिभेला कळत नाही. एवढ्यानेच दिवसाचे सहाएक ग्रॅम वाचले आणि घरात कुणालाही पत्ता लागला नाही. मग ताटातली चिमूट गेली, लिंबू राहिलं. ताकात मिठाऐवजी भाजलेलं जिरं, पुदिना. कोशिंबिरीला दाण्याचं कूट आणि हिंगाची फोडणी. वरण आणि भाजीला मी हात लावला नाही.

पुढची युक्ती काकूंची स्वतःची. त्यांनी सकाळीच दिवसभराचं मीठ तोलून एका छोट्या स्टीलच्या वाटीत काढायला सुरुवात केली. "वाटी संपली की संपलं. संध्याकाळी हवं असेल तर सकाळी हात आखडायचा." पहिले दहा दिवस 35 ग्रॅम, मग 30, मग 24. जीभ बदलायला साधारण महिना-दोन महिने लागतात, म्हणून एकदम उतरायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलाने कुरकुर केली. सातव्या आठवड्यात एका लग्नाच्या पंगतीत काकांनी मसालेभात अर्धा टाकला, खारट लागला म्हणून.

बाहेरच्या दोन ग्रॅमचं काय केलं ते मला फार आवडलं. अकरा वाजताचे पोहे काका सोडणार नव्हते, आणि मी सोडा असं म्हणणारही नव्हते. बाजारातल्या त्या पंधरा मिनिटांत त्यांची अर्धी माणसं भेटतात. पण जिरावणात काळं मीठ भरपूर असतं. काकूंनी धणे, जिरं, बडीशेप, लवंग, दालचिनी, तेजपान, सुंठ, लाल मिरची, आमचूर आणि हिंग भाजून-कुटून बिनमिठाचं जिरावण केलं. आमचूर दुप्पट, कारण आंबटपणा जीभ मिठाच्या जागी चालवून घेते. त्याची कागदी पुडी काकांच्या खिशात. पोहेवाल्याला ते म्हणायचे, "भिया, अपना मत डालना, मैं लाया हूँ." आठवड्याभरात बाजूचे दोन मुनीम त्याच पुडीतलं मागू लागले.

मार्चमधला फोन

आता माझी चूक.

पोटॅशियम वाढवायचं म्हणून मी फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोज एक केळं, एक शहाळं, पालक किंवा मेथी, मोड आलेल्या मुगाची उसळ आणि वाटीभर दही असं लिहून दिलं. फाइलमध्ये क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा अहवाल होता, 1.1, पण दीड वर्षापूर्वीचा. मी तो बघितला, तारीखही बघितली, आणि पुढे गेले. टेल्मिसार्टनसारखी गोळी शरीरातलं पोटॅशियम वाढवते. अशा माणसाला पोटॅशियम वाढवायला सांगण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची ताजी तपासणी मागायलाच हवी होती. मी मागितली नाही.

त्यात मुलाने चांगल्या मनाने भर घातली. त्याने कमी सोडियमचं मीठ मागवलं. त्याने मला नंतर अभ्यासाचा तपशीलही दाखवला : चीनमधली 600 गावं, सुमारे 21 हजार माणसं, जवळजवळ पाच वर्षं, मिठातला चौथा भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड, आणि पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी. 2021 सालचा तो अभ्यास खरा आहे, भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2025 मध्ये घरच्या वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली. पण त्या अभ्यासात मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना घेतलंच नव्हतं, आणि संघटनेची शिफारसही मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना, गर्भवतींना आणि मुलांना लागू नाही. या घरात तिन्ही होते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात हृदयाचं चित्र होतं. इशारा मागे, बारीक अक्षरात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी नेहमीची रक्ततपासणी केली. संध्याकाळी सातला काकूंचा फोन. "अगं, पोटॅशियम पाच पॉइंट नऊ लिहिलंय. ते चांगलं ना? आपण वाढवतच होतो." पोटॅशियम पाचच्या वर गेलं की सावध व्हायचं असतं, सहाच्या घरात हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि बऱ्याचदा माणसाला आधी काही जाणवतही नाही. काकाही समोर बसून बातम्या बघत होते. मी त्यांना ताबडतोब डॉक्टरांना फोन करून रुग्णालयात जायला सांगितलं. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा खोटा वाढतो, म्हणून तिथे पुन्हा रक्त घेतलं. 5.8. ईसीजी ठीक होता. क्रिएटिनिन 1.6, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण क्षमता 48 च्या आसपास. ती रात्र मी जागी होते.

टेल्मिसार्टन तात्पुरती थांबवली. कमी सोडियमचं मीठ, शहाळं, केळं बंद. पण 1.1 चं 1.6 कशाने झालं हे कोडं राहिलं होतं. दोन दिवसांनी मी घरी गेले आणि काकूंना म्हटलं, औषधांची पिशवी इथे टेबलावर रिकामी करा. सगळी, कुठलंही न निवडता. रक्तदाबाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, त्रिफळा चूर्ण, आणि त्याखालून डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी. काका म्हणाले, "ते औषध नाही गं. ती गुडघ्याची गोळी." दिवाळीपासून, थंडीत गुडघे धरायचे म्हणून, बहुतेक रोज एक. मेडिकलवाल्याने दिलेली. पहिल्या भेटीत मी "कुठली औषधं घेता" असं विचारलं होतं आणि त्यांनी प्रामाणिकपणे डॉक्टरांनी लिहिलेली औषधं सांगितली होती.

ही वेदनाशामकं शरीरात सोडियम आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाबाच्या गोळीचा गुण कमी करतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात आणि पोटॅशियम चढवतात. वर तिसरी, लघवीची गोळी सुरू झाली असती तर मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ओझं पडलं असतं. पिशवीत आणखी एक वस्तू निघाली : पाण्यात फसफसणारी गॅसची पुडी. तिच्यात खाण्याच्या सोड्यातून येणारं सोडियम जवळपास दोन ग्रॅम मिठातल्या सोडियमइतकं असतं. कचोरीच्या रात्री काका हमखास घ्यायचे. ताटातून काढलेल्या चिमटीइतकं सोडियम ती रात्री परत आणत होती.

डायक्लोफेनॅक बंद झाली, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम आणि दुसरी साधी गोळी दिली. आठवड्यात पोटॅशियम 4.7. तीन आठवड्यांत क्रिएटिनिन 1.3. टेल्मिसार्टन पुन्हा सुरू झाली, पण 40 मिलिग्रॅम. पालेभाजी, उसळ आणि एखादं फळ हळूहळू परत आलं, दर वेळी रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून.

एप्रिल

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी काकांनी पुन्हा कॅन घेतला. या वेळी कुठलाही साखरपुडा नव्हता. सोडियम 106 मिलिमोल, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आतबाहेर मीठ. पाचाच्या खाली अजून नाही. घरच्या रक्तदाबाची सरासरी 136/83. वजन दोन किलो कमी. डॉक्टरांनी तिसरी गोळी सध्या नको म्हणून सांगितलं.

हा 18 चा उतार सगळा मिठाच्या नावावर मांडणं मला पटत नाही. 2013 सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, रक्तदाब असलेल्यांनी दिवसाचं मीठ सरासरी 4.4 ग्रॅमने कमी केल्यावर वरचा आकडा सरासरी 5.4 ने उतरलेला दिसला. काकांनी सव्वापाच ग्रॅम कमी केलं, म्हणजे त्यातून सहा-सात मिळाले असं धरायला हरकत नाही. उरलेलं वेदनाशामक थांबल्याने, थोडं वजनाने, आणि थोडं ऋतूने. रक्तदाब थंडीत चढतो, उन्हाळ्यात उतरतो, आणि आम्ही सुरुवात जानेवारीत केली होती. खरी परीक्षा पुढच्या डिसेंबरात आहे, तेव्हा गुडघेही पुन्हा धरतील. त्या महिन्यात काकांना बोलावणं मी आत्ताच डायरीत लिहून ठेवलं आहे.

माझ्या कामाच्या पद्धतीत दोन गोष्टी तेव्हापासून पक्क्या झाल्या. साठीच्या पुढच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या कुणालाही तीन महिन्यांच्या आतला क्रिएटिनिन-पोटॅशियमचा अहवाल बघितल्याशिवाय मी शहाळं आणि केळं लिहून देत नाही. आणि पहिल्या भेटीला "औषधं सांगा" असं न म्हणता "पिशवी घेऊन या" म्हणते.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला तो कैऱ्यांचा. बाजारात लोणच्याच्या कैऱ्या आल्यात, या वर्षी लोणच्यात मीठ किती कमी घालू? मी म्हटलं, लोणच्यात कमी करू नका काकू, ते टिकवणारं मीठ आहे, बुरशी येईल. चमचाभर खारात एक ग्रॅमच्या आसपास मीठ राहणारच. काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरं. मग या वर्षी दोन बरण्यांऐवजी एकच घालते. आणि ती सुनेच्या माहेरी अर्धी पाठवते."